चार बोटं माती

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "जनावरांच्या दवाखान्यातले गमतीचे किस्से लिहा, दिवाळीत लोकांना हसू द्या." किस्से आहेत, नाही असं नाही. सुई पाहून म्हशीच्या आधी मालकच चक्कर येऊन पडल्याचा आहे. बैलासाठी दिलेलं जुलाबाचं औषध स्वतःच घेऊन, "मला बराबर लागू पडलं, बैलासाठी दुसरं द्या," असं सांगत आलेल्या गृहस्थांचाही आहे. पण मी लिहायला बसलो की हात एकाच गोष्टीकडे वळतो, आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही. संपादकांनी तरीही छापलं तर त्यांचे उपकार.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गावासाठी डॉक्टर, तालुक्याच्या खऱ्या डॉक्टरांसाठी मदतनीस आणि बायकोसाठी शेणाचा वास. नोकरीची सुरुवातीची वर्षं कुरुंद्याला हळदीच्या मुलखात गेली. पुढे बदली झाली ती कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात. आमचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतून नुकताच वेगळा निघाला होता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, दारात जनावर अडकवायचा लोखंडी सांगाडा, आणि वीज असेल तेव्हा गार होणारा फ्रीज. सरकारी औषध संपलेलं असलं की मी किराणा दुकानातून खायचा सोडा आणि गोडेतेल आणायचो. त्यावर पुष्कळ जनावरं उठवली आहेत. हा अभिमान मी अजून सोडलेला नाही.

गावाच्या वरच्या अंगाला एक लांबलचक माळ आहे. खाली अखंड काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि मुरमावर चार बोटं माती. पावसाळ्यात तिथं गवत कमरेपर्यंत येतं आणि दिवाळी सरली की वाळून पिवळं पडतं. कडेला छोटा पाझर तलाव आहे. त्या माळावर पूर्वी मुक्काम करायचे ते मेंढरंवाले. आमच्या गावचा ग्यानबा धनगर त्यातलाच. मेंढरं कोंडायची जाळी तो चार दिवसांच्या वर एका जागी ठेवत नसे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "जमिनीला बी पाठ खाजवाया जागा लागती, डाक्टर. एकाच जागी बसून राहिलो तर गवताचं मूळ मरतं." चूल मात्र तो वर्षानुवर्षं त्याच तीन दगडांवर पेटवायचा, म्हणजे नवी जागा जळायला नको.

मग दोन-तीन वर्षांत पाठीवर पिशव्या अडकवलेली कॉलेजची पोरं यायला लागली. तंबू ठोकायची, गाणी म्हणायची, सूर्योदय बघायची. ती गेली की माझं काम सुरू व्हायचं. फरसाणाच्या रिकाम्या पिशवीला मीठ लागलेलं असतं, गाय ते चाटते आणि चाटता चाटता पिशवी गिळते. एका गाईच्या पोटातून डॉक्टरांनी काढलेला प्लास्टिकचा गोळा मी घमेल्यात भरून ग्रामपंचायतीत नेऊन ठेवला होता. सदस्यांनी नाकाला रुमाल लावला आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

या सगळ्यांत एकच माणूस वेगळा निघाला, विलास सर. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ते भूगोल शिकवायचे आणि दर हिवाळ्यात मुलामुलींचं शिबिर घेऊन माळावर यायचे. आमची ओळख झाली ती एका पाडसावरून. त्यांच्या दोन मुली टॉवेलात गुंडाळलेलं काळविटाचं पाडस घेऊन दवाखान्यात आल्या. गवतात एकटंच पडलं होतं, आई सोडून गेली, बिचारं उपाशी आहे, असं त्यांचं म्हणणं. मी तोंड उघडायच्या आत मागून धावत आलेल्या सरांनीच त्यांना झापलं. आई सोडून जात नाही, पिल्लू लपवून चरायला जाते. तुम्ही वाचवलं नाही, पळवलं. आम्ही ते परत त्याच झुडपाशी ठेवलं आणि लांब बसून दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. आई आली नाही. पाडस मी घरी आणलं, तिसऱ्या दिवशी ते माझ्याच ओसरीत मेलं.

त्या दिवसापासून सर पुरते बदलले. त्यांच्या शिबिराचे नियम कडक झाले. पाडसाला, अंड्याला, घरट्याला हात लावायचा नाही. नवी चूल मांडायची नाही, ग्यानबाच्याच दगडांवर रांधायचं. भांडी तलावात बुडवायची नाहीत, पाणी वर आणून राखेनं घासायची. शौचाला पाण्यापासून लांब जायचं. प्लास्टिकचा कपटा न् कपटा पोत्यात भरून कॉलेजला परत न्यायचा. ओला कचरा पुरायचा. आणि निघताना सगळ्यांनी हात धरून रांगेनं माळ चालायचा, दिसेल ते उचलायचं. "आपण आलो होतो हे गवतालासुद्धा कळता कामा नये," असं ते म्हणायचे. मी अशी शिबिरं फार पाहिली नाहीत. हा माणूस मनापासून चांगला होता. पुढचं वाचताना हे विसरू नका.

आता कौसाबाई. आमच्याच बौद्धवाड्यातली, म्हणजे माझ्या भाड्याच्या खोलीपासून चार घरं पलीकडे राहणारी. नवरा अकाली गेला, एक मुलगी सुजाता, शाळेत हुशार. कौसाबाईला जमीन नाही. उमेदीची सगळी वर्षं तिनं लोकांच्या शेतात मजुरी केली. मग एक शेळी घेतली, तिची पिल्लं वाढवली आणि कळप दहा-बाराचा झाला तेव्हा विळा खुंटीला टांगून टाकला. माझ्यासमोरच म्हणाली, "भाऊ, आता कुनाच्या बांधावर 'काम हाय का' म्हनून उभी ऱ्हानार न्हाई." तिच्या शेळ्यांना लस टोचताना मला वेगळाच हुरूप यायचा. प्रत्येकीला नाव होतं आणि प्रत्येकीचा स्वभाव ती पाहुणीची ओळख करून द्यावी तसा सांगायची.

एका वर्षी सरांनी स्वयंपाकाला कौसाबाईला बोलावलं. गावात कुजबूज झाली. सरांच्या कानावर गेली असावी, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. उलट शेवटच्या दिवशी त्यांनी अख्ख्या गावाला माळावर जेवायला बोलावलं. गावानं पाणी दिलं, सरपण दिलं, त्याची फेड म्हणून. कौसाबाईनं मोठमोठ्या पातेल्यांत मसालेभात केला. मटार, भरपूर शेंगदाणे, वर कढीपत्त्याची फोडणी. सकाळपासून ती नव्या लुगड्यात होती आणि कुणालाही झाऱ्याला हात लावू देत नव्हती. मला म्हणाली, "गाव जेवनार हाय माझ्या हातचं. मीठ बराबर हाय का बघा."

मीठ बरोबर होतं. पंगतीच्या पत्रावळी मांडल्या होत्या, प्रत्येकीवर उडू नये म्हणून खडा ठेवला होता. मुलं वाढायला उभी होती. गाव आलं नाही. आले ते शाळेचे गुरुजी आणि आमच्या वाड्यातली काही माणसं. बाकीच्यांचे निरोप आले. कुणाकडे लग्न होतं, कुणाचा उपास होता, कुणाची कंबर धरली होती. माळावरच मेंढरं राखत बसलेल्या ग्यानबाला सर स्वतः बोलवायला गेले, तर तो म्हणाला, "माझी भाकर हाय संगं." खरं कारण मला ठाऊक होतं आणि कौसाबाईलाही. सरांना ते कळत होतं की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. तेवढ्यात एक म्हैस विताना अडल्याचा सांगावा आला आणि मी हात धुऊन निघालो.

दोन दिवसांनी दुपारी सुजाता धावत दवाखान्यात आली. "मामा, शेरडं दात खाऊन राहिलीत, चला."

इथं थोडं शेळीच्या पोटाबद्दल सांगायला हवं. शेळीचं पोट चार कप्प्यांचं असतं. पहिला कप्पा म्हणजे मोठी पिशवी, आणि तिच्यात न दिसणारे असंख्य जीव राहतात. पाला-गवत पचवतात ते तेच, शेळी नाही. त्यांना सवयीचं खाणं लागतं. एकदम ढीगभर धान्य किंवा शिजलेलं अन्न गेलं की पिशवी आंबते. आंब वाढली की ते जीव मरतात आणि मग आंब शेळीच्या रक्तात उतरते. लोकांना वाटतं जनावराला अन्न घालणं पुण्याचं. मूठभर असेल तर असेलही.

मी पोचलो तेव्हा शेळ्या अंगणात बसल्या होत्या. डोळे खोल गेलेले, कान गार, रवंथ बंद. पोटाला हात लावला की आत पाणी हलल्याचा आवाज यायचा. मी विचारलं, "ताई, धान्याच्या पोत्यात तोंड घातलं का यांनी?"

"माझ्या घरात पोतं हाय का भाऊ? रोजच्यावानी माळावर चरल्या. मी उतारावर काटक्या मोडत व्हते."

"मग माळावर काही पडलेलं?"

"काय पडंल? सरनं माळ आरशावानी करून ठिवलाय." मग तिचा आवाज चढला. "ईख घातलंय ग्यानबानं. मागल्या आठवड्यात तळ्यावर भांडला माझ्यासंगं. म्हने तुझी शेरडं आधी पानी पिऊन घान करत्यात."

अंगणाबाहेर जमलेल्या माणसांनी ते ऐकलं. आमच्या वाड्यातले दोघे-तिघे उठून उभे राहिले. ग्यानबाच्या घरापर्यंत ते बोलणं माझ्या पिशवीतली बाटली निघायच्या आत पोचलं असेल.

मी लक्षणांवरून चाललो. सोडा पाण्यात कालवला आणि एकेकीला बाटलीनं पाजायला लागलो. हे काम सावकाश करावं लागतं, घाई केली तर पाणी छातीत जातं. त्यानंतरचा उपाय म्हणजे निरोगी शेळीच्या तोंडातला रवंथ काढून आजारी शेळीला भरवायचा, त्याच्याबरोबर जिवंत जीव पोटात जातात. जवळपास शेळ्या होत्या त्या ग्यानबाच्याच, मेंढरांबरोबर तो चार-पाच पाळायचा. मी नाव काढताच कौसाबाई म्हणाली, "त्याच्या जनावराचं कायबी माझ्या शेरडाच्या तोंडात जानार न्हाई." मग पलीकडच्या वस्तीवरून आणेपर्यंत वेळ गेला. तेवढ्या वेळात दोन गेल्या. पुढे एकेक करत जात राहिल्या. शेळी एरवी जरा दुखलं तरी गाव डोक्यावर घेते. या शेळ्या ओरडल्या नाहीत. कौसाबाई प्रत्येकीचं डोकं मांडीवर घेऊन तिचं नाव घेत होती. मी ते अंगण आजही विसरू शकत नाही.

विषबाधेचा संशय म्हणजे शवविच्छेदन आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून डॉक्टर आले. ग्यानबाही आला होता, बोलावलं नव्हतं तरी. हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या आजूबाजूला कुणी उभं राहत नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्या शेळीचं पोट उघडलं तसा आंबलेल्या पिठाचा वास सुटला. आत पांढुरका लगदा होता. त्यात फुगलेले शेंगदाणे होते, मटार होते.

कौसाबाई पुढे वाकली. लगद्यातलं कढीपत्त्याचं एक पान तिनं बोटानं बाजूला केलं.

"ह्यो माझ्याच हातचा भात हाय," ती म्हणाली.

आम्ही माळावर गेलो. शिबिराची जागा खरंच आरशासारखी होती, आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय असं वाटावं इतकी. फक्त तळ्याच्या बांधामागे काही चपटे दगड विस्कटलेले होते आणि त्यांच्यामध्ये एक उथळ खळगा होता. भोवती कुत्र्यांनी उकरल्याच्या खुणा होत्या. खळगा चाटून पुसून स्वच्छ केलेला होता. शिताचं नाव नव्हतं. मी बोटं रोवून पाहिली. चार बोटं माती, खाली खडक.

त्या दिवशी काय झालं ते नंतर सरांनीच मला सांगितलं. मुलं आणि आलेली चार माणसं जेवली, पण गावाची पंगत झाली नाही, पातेली भरलेलीच राहिली. एसटी गाठायची होती. सर कौसाबाईला म्हणाले, "मावशी, भात घरी घेऊन जा, वाड्यात वाटा." ती म्हणाली, "आमी उरलेलं नेत न्हाई, सर." सरांना वाटलं ती संकोच करते आहे. त्यांनी आणखी दोनदा आग्रह केला, तशी ती पदर खोचून चालायलाच लागली. उघड्यावर टाकणं नियमात बसत नव्हतं. मग सरांनी स्वतः टिकाव घेतला. ठिणग्या उडाल्या, खड्डा होईना. शेवटी जेवढं खणलं गेलं तेवढ्यात भात ओतला, मुरूम लोटला, वर दगड रचले, आणि हात धरून सगळ्यांनी माळ चालून घेतला. काळ्या मातीच्या मुलखात तो पुरायचा नियम चाललाही असता.

दोनच शेळ्या वाचल्या. कळपात मागे राहणाऱ्या, दुबळ्या. दांडग्यांनी त्यांना भाताजवळ येऊ दिलं नसावं.

मेलेल्या पुरायच्या कुठे हा प्रश्न आला. माळावर माती नाही आणि कौसाबाईला जमीन नाही. आम्ही विचार करत उभे असताना ग्यानबा निघून गेला. थोड्या वेळानं कळलं की तो आपल्या ओढ्याकाठच्या काळ्या रानात खड्डा खणतो आहे. आम्ही गाड्यावर शेळ्या नेल्या. खड्डा छातीएवढा खोल होता. त्यानं एकेक शेळी हातांनी खाली ठेवली, वरून मी चुना टाकला. कौसाबाई बांधावर उभी होती. ती त्याला "चुकलं" म्हणाली नाही, आणि "जेवाया आलो न्हाई" हे त्यानंही कधी काढलं नाही. पुढे त्यांचं तळ्यावरचं भांडणसुद्धा बंद झालं. भांडायलाही बोलावं लागतं.

मी निरोप धाडल्यावर सर लगेच आले. कौसाबाईच्या ओसरीत खाली मान घालून बसले. मुलांकडून वर्गणी करून शेळ्या घेऊन देतो म्हणाले. तिनं नको म्हणून सांगितलं. मग न राहवून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही भात नेला असता तर हे झालं नसतं हो."

मला वाटलं ती चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "सर, माझी सासू रोज टोपलं घेऊन दारोदार फिरली. कुनाकडचं शिळं, कुनाकडचं उरलेलं, वरून टाकलेलं. धम्म घेतला त्या साली तिनं ते टोपलं चुलीत घातलं. मी लगीन होऊन आले तवा पैलं तिनं हेच सांगितलं, उपाशी मर पन उरलेलं आनू नको. गाव पंगतीला बसलं असतं तर मी बी बसले असते, पोटभर जेवले असते. गावानं सोडलेलं मी काहून नेऊ?" मग दावणीकडे पाहत म्हणाली, "शेरडं गेली, जीव तुटतो. पन उद्या फिरून इचारलं तरी न्हाईच म्हनंन."

मला त्यातलं काही नवं नव्हतं. माझ्या आजीच्या हातातही टोपलं होतं. जाताना सरांनी तिला वाकून नमस्कार केला, तो मला खरा वाटला.

पुढच्या महिन्यात कौसाबाईनं खुंटीवरचा विळा काढला आणि टोळीबरोबर कुरुंद्याला हळद काढायला गेली. सुजाताही गेली. वर्षअखेरची परीक्षा तिनं दिली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात शिबिर पुन्हा आलं. सरांनी नियम अजून कडक केले होते. काहीही पुरायचं नाही, साल-देठसुद्धा पिशवीत भरून परत न्यायचं. तांदूळ माणशी मोजून शिजवायचा. स्वयंपाक मुलं स्वतःच करत होती. गावाला जेवणाचं बोलावणं नव्हतं. शेवटच्या दिवशी कौसाबाई आपल्या दोन शेळ्या घेऊन बांधावर बसली होती, मीही तिथंच होतो. खाली सर मुलांना गोल बसवून सांगत होते. वारा आमच्या दिशेचा होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"गेल्या वर्षी आपल्या हातून मोठी चूक झाली," सर म्हणाले. "आपण भात जास्त शिजवला."

मुलांनी माना डोलावल्या. मग सगळे उठले, एकमेकांचे हात धरले आणि रांगेनं माळ चालायला लागले. कौसाबाई त्यांच्याकडे पाहत होती.

"भात जास्त न्हवता, भाऊ," ती मला म्हणाली. "मानसं कमी आली व्हती."